पाणपक्ष्यांना ऐकू येतं का, किती आणि कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राकसकोपचा जलाशय, धुपदाळचा बंधारा, हिडकल, नविलतीर्थ, गावोगावची तळी आणि पावसाळ्यात तुडुंब भरणारी भातशेतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पाणपक्षी बघायला लांब जावं लागत नाही. पक्ष्याचा रंग, नाव, तो कुठून आला, हे सगळे विचारतात. कानाबद्दलचे प्रश्न येतात ते शाळेतल्या मुलांकडून, शेतकऱ्यांकडून आणि तळ्यावर गळ टाकून बसणाऱ्यांकडून. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो, कारण पाणपक्ष्यांचा संसार बराचसा आवाजावर चालतो आणि आपल्या तळ्यांभोवतीचा गोंगाट वाढतच चालला आहे.

पक्ष्यांचे कान दिसत नाहीत. मग ते ऐकतात कुठून?

घरात किंवा शेजारी पाळीव बदक असेल तर त्याला अलगद धरा. डोळ्याच्या मागं, किंचित खालच्या अंगाला हलकी फुंकर घाला. तिथली बारीक पिसं बाजूला होतील आणि एक छोटं भोक दिसेल. तोच कान. आपल्यासारखी बाहेर आलेली पाळी कुठल्याच पक्ष्याला नसते. भोकावरची ही पिसं आवाज आत जाऊ देतात, पण उडताना कानात घोंगावणारा वारा अडवतात. काही पक्ष्यांच्या डोक्यावर तुरे असतात, त्यांना लोक कान समजतात. ते नुसते तुरे, ऐकण्याशी त्यांचा संबंध नाही.

आतली रचनाही वेगळी आहे. आपल्या मधल्या कानात तीन हाडं असतात, पक्ष्यांच्या कानात एकच. पडद्याची थरथर ते एकटं हाड आतल्या कानापर्यंत पोचवतं. आपला आतला कान शंखासारखा वेटोळा असतो, पक्ष्यांचा आखूड आणि जेमतेम वाकलेला.

बदकाला माणसापेक्षा जास्त ऐकू येतं की कमी?

कमी. पाळीव बदकांचं मूळ असलेल्या मॅलार्ड बदकाची श्रवणशक्ती प्रयोगशाळेत नीट मोजलेली आहे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, किलोहर्ट्झ म्हणजे हजार हर्ट्झ; आकडा जितका मोठा तितकी आवाजाची पट्टी वरची. साधारण 66 हर्ट्झपासून 7.6 किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज त्याला ऐकू येतात, आणि सगळ्यात चांगलं ऐकू येतं ते 2 किलोहर्ट्झच्या आसपास. निरोगी तरुण माणसाची मर्यादा 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ. म्हणजे खालच्या खर्जात आणि वरच्या टिपेला, दोन्हीकडं आपण पुढं आहोत. आपल्या तळ्यांवरचं हळदीकुंकू बदक मॅलार्डच्याच जवळच्या नात्यातलं.

पण या पल्ल्यावरून बदकाला कमी लेखू नये. त्याच्या जातीचे आवाज, पिल्लांची हाक, धोक्याचा इशारा, हे सगळं त्या मधल्या पट्टीतच येतं. त्याला जे ऐकायचं असतं ते त्याला उत्तम ऐकू येतं.

पाण्याखाली गेल्यावर ऐकू येतं का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बरीच वर्षं शास्त्रज्ञही गृहीत धरून चालले होते की पक्ष्याचा कान हवेसाठीच घडलेला आहे, पाण्यात तो फारसा कामाचा नाही.

कारण सरळ होतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पाण्यात जवळजवळ 1500 मीटर. दोन्ही माध्यमं इतकी वेगळी आहेत की हवेतून पाण्यावर आदळलेल्या आवाजाची जेमतेम हजारावा भाग ऊर्जा आत शिरते, बाकीची वरच्या वर परतते. म्हणून काठावर कितीही आरडाओरडा झाला तरी पाण्यात बुडी मारलेल्या पक्ष्यापर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. पण पाण्यातच तयार झालेला आवाज तिथं लांबवर आणि झपाट्यानं जातो.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी थोरल्या पाणकावळ्यांवर काम केलं. पाण्याखाली आवाज ऐकू आला की ठरलेली कृती करायची, असं पक्ष्याला शिकवलं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की 2 किलोहर्ट्झच्या आसपासचे अगदी हळू आवाजही पाणकावळ्याला पाण्याखाली ऐकू येतात. त्या पट्टीत त्याचे कान सील आणि दातवाल्या देवमाशांच्या बरोबरीनं भरले. आयुष्याचा मोठा भाग पाण्यात घालवणाऱ्या प्राण्यांच्या पंगतीला काठावर पंख वाळवत बसणारा पक्षी बसला, ही मोठी गोष्ट आहे.

2020 साली त्याच कामाचा पुढचा भाग आला. पाणकावळ्याच्या कानाचा पडदा इतर पक्ष्यांच्या मानानं जड आणि ताठ असतो. डफाच्या पातळ कातड्याजागी नगाऱ्याचं जाड कातडं असावं तसा. पाण्याखाली त्याचा उपयोग होतो, पण हवेत मात्र पाणकावळ्याचं ऐकणं इतर बऱ्याच पक्ष्यांपेक्षा कमजोर पडतं. ही मोजमापं थोरल्या पाणकावळ्याची. राकसकोपला दिसणारा लहान पाणकावळा त्याचाच भाऊबंद.

पाणकावळा एकटाच नाही. पेंग्विनच्या जेंटू या जातीला पाण्याखाली आवाज ऐकवल्यावर ते दचकून दिशा बदलतात, हे 2020 च्याच एका अभ्यासात दिसलं. त्याच्याही आधी, 1990 च्या दशकात, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पुजेट साउंड इथं कोळ्यांच्या जाळ्यांना टीं-टीं आवाज करणारी छोटी यंत्रं बांधून बघितली होती. तिथं कॉमन मर नावाचा बुड्या मारणारा सागरी पक्षी जाळ्यात अडकून मरायचा. यंत्रं बांधल्यावर अडकणाऱ्या मर पक्ष्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. ऐकू आल्याशिवाय ते जाळं टाळतील कसे?

बुडी मारताना कानात पाणी जात नाही का?

बुड्या मारणाऱ्या पक्ष्यांच्या कानावरची पिसं दाट आणि घट्ट बसलेली असतात आणि कानाचं भोकही बारीक असतं. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीचं तेल चोचीनं सगळीकडं फिरवलेलं असतं, त्यामुळं पिसं सहजी भिजत नाहीत. खोल जाणाऱ्या पेंग्विनच्या मधल्या कानात रक्तवाहिन्यांचं स्पंजासारखं अस्तर असतं. ते फुगून कानातली हवेची जागा कमी करतं आणि दाबानं पडदा फाटत नाही.

आवाज कुठून आला हे त्यांना कळतं का? डोकं तर एवढुसं असतं.

कळतं. माणसाचे दोन कान लांब असल्यामुळं एका कानात आवाज आधी पोचतो, दुसऱ्यात नंतर. बदकाच्या डोक्यात तेवढं अंतर नाही. पण पक्ष्यांचे दोन्ही मधले कान कवटीतून हवेच्या पोकळीनं जोडलेले असतात. एका पडद्यावर आवाज बाहेरून येतो आणि दुसऱ्या बाजूनं आतूनही येतो. त्या दोन्हींच्या फरकावरून दिशा ठळक होते.

आवाज वरून आला की खालून, हे कळायला आपल्याला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात. पक्ष्यांना पाळीच नाही. जर्मनीतल्या म्युनिकच्या संशोधकांनी 2014 साली कावळा, बदक आणि कोंबडी यांची डोकी तपासली. डोक्याचा गोलसर आकारच आवाजाला असा अडवतो आणि वळवतो की डाव्या आणि उजव्या कानात पोचणाऱ्या आवाजाच्या जोरात उंचीनुसार फरक पडतो. वरून झेपावणारी घार आणि गवतातून सरपटत येणारं मुंगूस यांतला फरक बदकाला न बघताही करता येतो, तो यामुळं.

अंड्यातल्या पिल्लाला बाहेरचं ऐकू येतं?

येतं, आणि या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आवडतं.

बाहेर पडण्याच्या दोनतीन दिवस आधी बदकाचं पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं. तिथं ते पहिल्यांदा फुप्फुसानं श्वास घेतं आणि बारीक आवाज काढायला लागतं. आई अंड्यांवर बसलेली असते, ती हळू आवाजात साद घालते. शेजारच्या अंड्यांतूनही आवाज येत असतात. कवचाच्या आतबाहेर बोलणं सुरू झालेलं असतं.

गिल्बर्ट गॉटलिब या अमेरिकन संशोधकानं या दोनतीन दिवसांवर अनेक वर्षं काम केलं. यंत्रात उबवलेली, आईचा आवाज कधीच न ऐकलेली मॅलार्डची पिल्लं त्यानं दोन ध्वनिक्षेपकांच्या मधे सोडली. एकातून मॅलार्ड आईची हाक, दुसऱ्यातून कोंबडीची. पिल्लं मॅलार्डच्या हाकेकडं गेली. जन्मजातच असणार, असं कुणीही म्हणेल. मग त्यानं काही पिल्लांचा आवाज अंड्यातच बंद केला आणि त्यांना भावंडांपासूनही वेगळं ठेवलं. ही पिल्लं गोंधळली. आपल्या जातीची हाक आणि कोंबडीची हाक यांत त्यांना फरक करता येईना. म्हणजे पिल्लू अंड्यात असताना स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकतं, तेव्हाच त्याचा कान तयार होतो.

हळदीकुंकू बदक आपल्याकडं पावसाळ्यात अंडी घालतं, पाण्याजवळच्या दाट गवतात. त्या दिवसांत घरट्याभोवती काय ऐकू येतं याला किती मोल आहे, ते यावरून लक्षात यावं.

आम्ही बदकाची अंडी खुडुक कोंबडीखाली ठेवतो. पिल्लं तिच्या मागं जातात. मग जातीची हाक कुठं राहिली?

पिल्लं तिच्या मागं जातात, कारण बाहेर आल्यावर जवळ हलणारं, ऊब देणारं आणि हाक मारणारं दुसरं कुणी नसतं. प्राण्यांच्या वागण्याचे ऑस्ट्रियन अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी ग्रेलॅग हंसांची पिल्लं स्वतःच्या मागं चालवून दाखवली होती, त्यांना 1973 साली नोबेल मिळालं. अंड्यात तयार झालेला कान पिल्लाला जातीच्या हाकेकडं ओढतो. पण ती हाक कुठूनच आली नाही तर पिल्लू समोर असेल त्या आईला धरतं. पुढं पिल्लं पाण्यात उतरतात आणि कोंबडी काठावरून जीव तोडून ओरडत राहते, हे बदकं पाळणाऱ्या प्रत्येक घरानं बघितलेलं असतं.

टिटवी रात्री ओरडली की अपशकुन म्हणतात. खरं काय?

खरं एवढंच की तिला कुणाची तरी चाहूल लागली. टिटवी जमिनीवर उघड्यावर अंडी घालते. सुगीनंतरच्या रिकाम्या शिवारात, मुरमाड माळावर, कधी तळ्याच्या सुकलेल्या काठावर. कोल्हा, कुत्रा, मुंगूस, साप, माणूस, सगळ्यांपासून धोका. म्हणून ती रात्रीही जागी आणि सावध असते.

तिच्या पिल्लांचं वागणं एकदा बघाच. आई इशारा देते त्या क्षणी पिल्लू आहे तिथं बसतं, मान जमिनीला टेकवतं आणि ढेकळासारखं निपचित होतं. डोळा तेवढा उघडा असतो. पायाशी असलं तरी दिसत नाही. आई डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असते आणि त्या आवाजात जोर आहे तोवर पिल्लू हलत नाही. आवाजाची तऱ्हा बदलली की उठून तुरुतुरु पळतं. ऐकण्यात चूक झाली तर ते पिल्लू वाचत नाही.

म्हणून नांगरट करताना टिटवी भोवती फिरून ओरडायला लागली तर ट्रॅक्टर जरा थांबवून समोरची जमीन बघावी. अंडी सापडली तर तेवढा तुकडा पिल्लं निघेपर्यंत सोडावा. आपल्या भागातले काही शेतकरी हे करतात, आणि त्यांचे मानावे तेवढे आभार थोडे आहेत.

बदकाच्या आवाजाचा प्रतिध्वनी येत नाही, हे खरं आहे का?

नाही. इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठात 2003 साली ट्रेव्हर कॉक्स यांनी डेझी नावाच्या बदकाला प्रतिध्वनीच्या खोलीत नेऊन हे तपासलं. प्रतिध्वनी येतो. बदकाचा आवाज हळूहळू विरत जाणारा असल्यामुळं प्रतिध्वनी त्याच्यातच मिसळतो आणि ओळखू येत नाही.

पाणपक्षी वटवाघळासारखे आवाज सोडून रस्ता शोधतात का?

पाणपक्ष्यांत असं करणारा एकही नाही. पक्ष्यांत ही विद्या दक्षिण अमेरिकेतला ऑइलबर्ड आणि काही पाकोळ्या यांनाच येते. त्यातली एक आपल्यापासून फार लांब नाही. घाट उतरून वेंगुर्ल्याला गेलं की समोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स ही बेटं आहेत. तिथल्या गुहेत भारतीय पाकोळी घरटी करते आणि अंधारात टिकटिक आवाज करून वाट काढते.

2019 च्या पुराच्या आधी पक्षी निघून गेले, असं नदीकाठची माणसं सांगतात. त्यांना पूर आधी ऐकू आला असेल का?

ऑगस्ट 2019 चा कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेचा पूर आपल्यापैकी कुणी विसरणार नाही, म्हणून हा प्रश्न वारंवार येतो. फार खालच्या पट्टीचे, माणसाला ऐकू न येणारे आवाज कबुतराला आणि गिनी कोंबडीला ऐकू येतात, हे सिद्ध झालेलं आहे. मॅलार्ड बदकाला येत नाहीत. त्याचा कान 66 हर्ट्झच्या खाली जवळजवळ बंद होतो. पाणी वाढायला लागलं की काठावरचं गवत, चिखल, उथळ पाणी बुडतं. खायची जागाच जाते, म्हणून पक्षी हलतात. त्यासाठी कानाची गरज पडत नाही.

तुतारी, पाणलावा हे पक्षी चिखलात चोच खुपसून आतले किडे ऐकतात का?

ऐकत नाहीत, चाचपतात. त्यांच्या चोचीच्या टोकाला दाब आणि थरथर जाणवणारे सूक्ष्म संवेदक दाटीवाटीनं असतात. रेड नॉट हा किनाऱ्यावरचा पक्षी तर ओल्या वाळूत चोच खुपसल्यावर पाण्याच्या दाबातल्या फरकावरून पुरलेला शिंपला ओळखतो.

पाणकोंबड्या भात मोडतात. पाखरं पळवणारं अल्ट्रासॉनिक यंत्र घ्यावं का?

घेऊ नका. हे स्पष्टच सांगतो, कारण यात शेतकऱ्याचे पैसे जातात. अल्ट्रासॉनिक म्हणजे 20 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज. पक्ष्यांचं ऐकणं साधारण 8 ते 10 किलोहर्ट्झला संपतं. जे त्यांना ऐकूच येत नाही त्याला ती भिणार कशी? ऐकू येणारे आवाज, म्हणजे पत्र्याचा डबा, फटाका किंवा भोंगा, चारदोन दिवस चालतात. मग पाखरांना कळतं की नुसताच आवाज आहे. जांभळी पाणकोंबडी पाणथळीतल्या आणि बांधावरच्या दाट पाणगवतातून शेतात शिरते. बांधालगतची पट्टी मोकळी ठेवली आणि रोप नवं असताना राखण केली तर जास्त फरक पडतो.

दिवाळीच्या फटाक्यांचा आणि डॉल्बीचा खरंच त्रास होतो का? पक्षी तर दुसऱ्या दिवशी दिसतात.

दिसतात ते सगळेच नसतात, आणि दिसले म्हणून रात्र बरी गेली असंही नाही. नेदरलँड्समध्ये नववर्षाच्या रात्री बाराला फटाके वाजतात. हवामान खात्याच्या रडारवर संशोधकांना दिसलं की मध्यरात्रीनंतर लगेच हजारो पक्षी हवेत उठतात, शेकडो मीटर उंचीवर जातात आणि पाऊण तासभर तरी खाली उतरत नाहीत. सगळ्यात जास्त पक्षी उठले ते कुरणं आणि पाणथळ जागांवरून, जिथं पाणपक्षी रात्रीची विश्रांती घेत होते. हा अभ्यास 2011 सालचा. नंतर 2022 साली, अंगावर यंत्रं बसवलेल्या हंसांच्या नोंदींवरून दिसलं की त्या रात्री त्यांची विश्रांती सुमारे दोन तासांनी घटली आणि पुढचे काही दिवस ते जास्त वेळ चरत राहिले. गेलेली ताकद भरून काढायला.

आपल्याकडची अडचण अशी की दिवाळी आणि स्थलांतरित पक्ष्यांचं येणं एकाच सुमाराला पडतं. लांबून उडत आलेली बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थकून तळ्यावर उतरतात. तेव्हाच काठावर आपटीबार आणि सुतळी बॉम्ब. किल्ले बांधा, आकाशकंदील लावा, पोरांना फुलबाज्या द्या, सण दणक्यात होऊ द्या. फक्त तळ्याचा काठ त्यातून वगळा. मोठ्या आवाजाची मिरवणूक असेल तर तळ्याच्या बाजूला कर्णे वळवू नका. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा 2000 सालचा नियम आहेच, पण बदकं झोपायला दहाची वाट बघत नाहीत.

रोजच्या गोंगाटाचा त्रास वेगळा. त्यानं पक्षी उडून जात नाही, पण हाक झाकली जाते. अनेक पक्षी गोंगाटात आवाज चढवतात. त्यात ताकद जाते, आणि तरीही गवतात चुकलेल्या पिल्लाला आईची हाक पोचेलच असं नाही.

मोठ्या आवाजानं पक्षी बहिरे होतात का?

होऊ शकतात, पण कायमचे नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसासारख्या पेशी असतात. माणसात त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. पक्ष्यांत काही आठवड्यांत नव्या उगवतात, हे 1980 च्या दशकात कळलं आणि जगभरातले कानाचे संशोधक तेव्हापासून त्याच्या मागं आहेत. माणसाच्या बहिरेपणावर इलाज निघाला तर त्यात पक्ष्यांच्या कानाचा वाटा मोठा असेल. पण मधल्या आठवड्यांत ज्या पक्ष्याला घारीची चाहूल लागली नाही, त्याला नव्या पेशींचा उपयोग नाही.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलवावं का?

विणीच्या दिवसांत अजिबात नको. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी आवाज ऐकून झुडपातून चटकन बाहेर येते, कारण तिला वाटतं आपल्या हद्दीत दुसरी घुसली. ती अंडी, पिल्लं सोडून भांडायला येते. तुम्हाला फोटो मिळतो आणि मागं घरटं उघडं पडतं. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं शिकारीच्या व्याख्येत येतं.

मुलांना पक्ष्यांचे आवाज ऐकवायला कुठं न्यावं?

नोव्हेंबर ते मार्च असेल तर गोकाकजवळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात. 1974 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य धुपदाळ बंधाऱ्याच्या पाण्याभोवती आहे. कांड्या करकोचा आणि पांढरा करकोचा तिथं हिवाळ्यात येतात. कांड्या करकोच्यांचा थवा दिसायच्या आधी ऐकू येतो. रेल्वेनं जायचं तर मिरज मार्गावरचं घटप्रभा स्टेशन जवळ पडतं. एवढं लांब नको असेल तर गावचं तळंही चालेल. उजाडायच्या आधी पोचा, मोबाइल बंद ठेवा, आणि पहिला अर्धा तास मुलांच्या हातात दुर्बीण देऊ नका. अडई बदकाची शीळ, टिबुकलीची किणकिण, वारकरी पक्ष्याचा खरखरीत आवाज, एवढे तीन आधी ओळखायला लावा. मग दुर्बीण द्या.